हॅन्डलमधली खाच परत परत का येते: कोनसेटचं दुखणं, सर्व्हिस सेंटर आणि घरचं काम

गाडी वीसच्या स्पीडला सरळ चालत नाही. हॅन्डल मधोमध आलं की कुठेतरी बसल्यासारखं होतं आणि तिथून हलवायला जरा जोर लागतो. खड्ड्यात पुढचा ब्रेक दाबला की टाकीच्या पुढून ‘टक्’ आवाज येतो. सर्व्हिस सेंटरला दाखवलं की ‘हॅन्डल टाइट’ करून मिळतं, महिनाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. हे वाचताना आपलीच गाडी डोळ्यांसमोर आली असेल तर आधी एवढंच सांगतो, पुन्हा टाइट करून घेऊ नका. हॅन्डल ज्या वरच्या-खालच्या दोन बेअरिंगांवर फिरतं तो कोनसेट, आणि त्यांचे छर्रे (लोखंडी गोळ्या) ज्यांत बसतात त्या वाट्या. वाट्यांना खाच पडलेली असताना कोनसेट आवळला की आवाज तेवढा दबतो, आणि वाट्या मात्र आणखी लवकर जातात. उघडून बघण्याला पर्याय नाही.

मी चिपळूणला राहतो. गाडी एका सिलिंडरची, चारशे सीसीच्या आसपासची अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल, पुढे २१ इंची चाक. कामानिमित्त आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट होतो, आणि जून ते सप्टेंबर गाडी जेवढी चालते तेवढी भिजते. कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर घरापासून शंभरेक किलोमीटरवर. पहाटे निघायचं, नऊ-साडेनऊला गाडी लावायची, संध्याकाळपर्यंत तिथे बसून राहायचं आणि अंधारात घाट उतरून घरी. एका फेरीला एक रजा जाते, म्हणून प्रत्येक फेरीचं काय झालं ते मी वहीत लिहून ठेवतो.

पहिली तक्रार ९,४०० किलोमीटरला, पहिला पावसाळा संपल्यावर. दुसरी १२,१०० ला, तिसरी १४,८०० ला. तिन्ही जॉब कार्डांवर एकच ओळ: ‘हॅन्डल लूज, चेक करणे’. तिसऱ्या वेळी मी विनंती करून गाडीजवळ उभा राहिलो. मेकॅनिकने हॅन्डलखाली हात घालून हुक पान्याने नट पाव फेरा आवळला, हॅन्डल दोनदा डावी-उजवीकडे फिरवलं आणि म्हणाला, “झालं सर, आता नाही हलणार.” दहा मिनिटांचं काम. मी विचारलं, “वाट्या उघडून बघितल्या का?” तो म्हणाला, “त्याची गरज नाही सर. आणि उघडायला कार्डवर लिहिलेलं पण नाही.”

त्या मुलाचं मला काही चुकलेलं वाटत नाही. त्याला दिवसाला ठरावीक गाड्या हातावेगळ्या करायच्या असतात आणि कार्डवर जे लिहिलंय तेच करायचं असतं. तक्रार लिहितानाच चुकलं होतं, आणि ती सही मी केली होती.

उघडल्यावर काय दिसलं

चौथ्यांदा घाट चढायच्या ऐवजी मी मे महिन्यात पडवीत गाडी उघडली. वॉरंटी तोपर्यंत संपली होती. वरची वाटी बरी होती, ग्रीस काळं झालेलं पण ओलं. खालची वाटी कोरडी. ग्रीसच्या जागी विटकरी रंगाचा, सुकलेल्या मेंदीसारखा थर. तो डिझेलने धुतल्यावर खाली खळगे दिसले, एका ओळीत, सारख्या अंतरावर, ओल्या सिमेंटवरून कोंबडी चोच मारत गेल्यासारखे. पुढच्या आणि मागच्या बाजूला खोल, दोन्ही कुशींना अगदी पुसट. नख फिरवलं की प्रत्येक खळग्यात अडकत होतं. हॅन्डल मधोमध ‘बसायचं’ ते या खळग्यांत. सगळे छर्रे एकाच वेळी आपापल्या खड्ड्यात जाऊन बसत होते.

अशा वाटीवर नट आवळला म्हणजे छर्रे त्या खड्ड्यांत आणखी दाबले. ढिलाई गेली, ‘टक्’ बंद झालं, पण खाच होती तिथेच राहिली आणि खोल गेली. महिनाभराने धातू आणखी दबला की पुन्हा ढिलाई. तीन फेऱ्यांत माझ्या गाडीचं हेच झालं होतं.

हे होतं का, ते समजून घ्यायला कोनसेटचं काम कसं चालतं ते बघावं लागेल. चाकाचं बेअरिंग सतत फिरतं, त्यामुळे ग्रीस सगळीकडे लागत राहतं. कोनसेटचं बेअरिंग मात्र उभ्या आयुष्यात एकही पूर्ण फेरा मारत नाही. हायवेला गाडी तासन् तास सरळ चालते तेव्हा हॅन्डल जेमतेम एक-दोन अंश डोलतं. तोच छर्रा त्याच जागेवर थरथरत राहतो, खालचं ग्रीस बाजूला सारलं जातं आणि परत येत नाही. मग लोखंडावर लोखंड घासतं. त्यातून निघणारा बारीक चुरा गंजतो, तीच ती विटकरी भुकटी. वर दर खड्ड्याला पुढच्या चाकाचा दणका याच एका जागी बसतो.

अ‍ॅडव्हेंचर गाडीला हे लवकर होतं त्याचं कारण तिच्या बांध्यात आहे. २०१६ ला आलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयनच्या पुढच्या फोर्कला (चाक धरणाऱ्या दोन सस्पेन्शन नळ्यांना) २०० मिलिमीटरचा ट्रॅव्हल, म्हणजे वर-खाली हालचाल, २०१९ च्या हिरो एक्सपल्स २०० ला १९० मिलिमीटरचा, आणि दोघींना पुढे २१ इंची चाक. खडकाळ वाटेला हे हवंच. पण फोर्क जेवढा लांब तेवढी ती पहार मोठी. ब्रेक मारला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, आणि त्या लांब पहारीचं वरचं टोक म्हणजे कोनसेट. शंभर सीसीच्या गाडीच्या कोनसेटवर एवढा जोर येतच नाही.

आणि मग पाणी. कोकणातला पाऊस, राष्ट्रीय महामार्ग ६६ वरची खोदकामं, त्यातलं लाल पाणी पुढच्या चाकावरून थेट खालच्या ‘टी’वर (दोन्ही फोर्क धरून ठेवणाऱ्या आडव्या तुकड्यावर) उडतं. त्याहून वाईट म्हणजे वॉशिंग सेंटरचा प्रेशर. खालच्या वाटीला फक्त एक पातळ रबरी सील असतं. पावसाचं पाणी त्याने थोपतं, वॉशिंगच्या फवाऱ्याचं थोपत नाही. गाडी धुवायला द्याल तेव्हा तिथल्या मुलाला सांगा, ‘हॅन्डलखाली आणि चाकाच्या बुशिंगला गन मारू नको.’ मी आता घरीच बादली आणि पाइपने धुतो.

आधी खात्री करा, कोनसेटच आहे का

गाडी मेन स्टँडवर घ्या. मेन स्टँड नसेल तर इंजिनखालच्या पत्र्याला लाकडी फळी लावून जॅक द्या, सायलेन्सरच्या पाइपाला नको. पुढचं चाक जमिनीपासून चार बोटं वर यायला हवं. मागच्या कॅरिअरवर रेतीची गोणी किंवा ओळखीचं माणूस बसवलं की ते आपोआप उचललं जातं.

आता हॅन्डल एका बोटाने, अगदी हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. डोळे मिटून फिरवलं तर चांगलं कळतं. मधोमध कुठे बारीकसा ‘कट्ट’ जाणवला, बोट थांबल्यासारखं झालं, तर खाच पडली आहे. दाण्यांवरून फिरवल्यासारखं खरखरलं तर ग्रीस गेलंय आणि गंज आलाय, पण खाच कदाचित अजून पडली नसेल. या टप्प्यावर उघडून ग्रीस भरलं तर जुन्याच वाट्यांवर निभावतं.

मग समोर बसून दोन्ही फोर्क खालून धरा आणि पुढे-मागे ढकला. दुसऱ्या कुणाला तरी खालची ‘टी’ आणि फ्रेमच्या नळीचा जोड असतो तिथे बोट टेकवून ठेवायला सांगा. ‘टक्’ तिथे बोटाला लागलं तर कोनसेट ढिला आहे. आवाज येतो पण बोटाला काहीच लागत नाही, तर फोर्कचे बुश तपासा. चाक जमिनीवर ठेवून ब्रेक दाबून गाडी हलवली की येणारा बारीक खुळखुळाट बहुतेक वेळा ब्रेक पॅडचा किंवा फ्लोटिंग डिस्कचा असतो, त्याला कोनसेट समजू नका.

फसवणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. पुढच्या टायरचे गठ्ठे एका बाजूने झिजून करवतीसारखे झाले की हॅन्डल थरथरतं. स्पोक ढिले झाले, रिमला पोक आला, चाकाचं बेअरिंग गेलं, हवा कमी असली तरी तेच. सत्तरवरून थ्रॉटल सोडला आणि पन्नास-साठच्या दरम्यान हॅन्डल डुगडुगलं तर मागची टॉप बॉक्स आधी रिकामी करून पाहा. मागे वजन जास्त झालं की पुढचं चाक हलकं होतं, आणि अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. एकदा तर एका मित्राच्या गाडीत क्लचची केबल आणि फॉग लाइटची वायर एकत्र टाय करून अशी ओढून बांधलेली निघाली की हॅन्डल डावीकडे जायलाच तयार नव्हतं. कोनसेट नवा टाकून झाल्यावर हे लक्षात आलं. केबल मोकळ्या आहेत ना, हे सगळ्यात आधी बघा.

वॉरंटी असेल तर घरी उघडू नका

हे मी अगदी मनापासून सांगतोय. हात शिवशिवत असले तरी वॉरंटीत असलेला कोनसेट घरी उघडू नका. कायद्याने आपली बाजू कितीही योग्य असली, तरी ‘बाहेर उघडलंय’ हे कारण समोरच्याला आयतं मिळतं आणि आपण मूळ मुद्दा सोडून त्यावरच भांडत बसतो. तेल, चेन, एअर फिल्टर घरी केलं तर बिलं आणि तारखा जपून ठेवा, त्यातही मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचंच तेल वापरा आणि वॉरंटी पुस्तिकेतल्या सक्तीच्या सर्व्हिसिंग चुकवू नका.

सर्व्हिस सेंटरला तक्रार कशी लिहायची, तर भाषा नेमकी हवी. ‘हॅन्डल लूज’ लिहू नका. माझ्या वहीत आता हे वाक्य पाठ करून ठेवलंय: ‘पुढचं चाक उचलल्यावर हॅन्डलला मधोमध खाच जाणवते. कोनसेट उघडून वरच्या-खालच्या वाट्या तपासणे, ग्राहकाला दाखवणे. फक्त टाइट करू नये.’ अ‍ॅडव्हायजर संगणकात तयार पर्याय निवडतो, तेव्हा त्याला नम्रपणे सांगा की हे वाक्य शेऱ्यात टाका, आणि टाकल्याशिवाय सही करू नका. चाक उचलून हॅन्डल फिरवतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फोनवर तयार ठेवा. शक्य झालं तर वर्कशॉपच्या मुख्य मेकॅनिकला स्वतः गाडीवर एक चक्कर मारायला लावा. ज्याच्या हाताला ती खाच लागली, तो माणूस ‘काही नाही सर’ म्हणत नाही. आदल्या दिवशी फोन करून कोनसेटचा किट स्टॉकमध्ये आहे का तेही विचारून घ्या. शंभर किलोमीटर गेल्यावर ‘पार्ट मागवावा लागेल’ ऐकण्यासारखा मनस्ताप नाही. काढलेल्या जुन्या वाट्या परत मागा. वॉरंटीत बदलल्या तर त्या कंपनीकडे जातात, मग निदान फोटो काढून घ्या.

एकच तक्रार दुसऱ्यांदा करताना मागच्या जॉब कार्डचा नंबर आणि तेव्हाचं किलोमीटर नव्या कार्डवर लिहायला लावा. तीन सुटी कार्डं म्हणजे तीन किरकोळ तक्रारी. एकमेकींना जोडलेली तीन कार्डं म्हणजे न सुटलेला एकच दोष. ‘वेअर अँड टेअर’ म्हणून हात वर केले गेले तर ही साखळी कामाला येते. वॉरंटीच्या काळात पहिल्यांदा नोंदवलेली तक्रार वॉरंटी संपेपर्यंत रखडली, तर ती जुनी तक्रार म्हणूनच धरा असं कंपनीच्या ग्राहक सेवेला मेलवर लिहा. फोनवर बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. तिथेही काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या नियमांनुसार तक्रारीला शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. मी आयोगापर्यंत गेलो नाही. माझी तिन्ही कार्डं सुटी होती आणि त्यावर ‘टाइट केले’ याखेरीज काही नव्हतं, त्यामुळे दाखवायला हातात काहीच नव्हतं. तुमच्या बाबतीत हे होऊ नये म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

घरचं काम

लागणारा वेळ पहिल्यांदा पूर्ण दिवस, सवय झाल्यावर चार-पाच तास. एकट्याने करू नका, फोर्क उतरवताना दुसरे दोन हात लागतातच. सामान: गोटी पान्यांचा सेट, एलन की, हुक पाना, टॉर्क रेंच, हातोडा, पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा सुंबा, डिझेल, चिंध्या, एक परात, आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल. टॉर्कचे (नट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे मॅन्युअलमधूनच घ्या. दुसऱ्या मॉडेलचा आकडा आपल्या गाडीला चालत नाही, म्हणून मी इथे देत नाही.

गाडी खालून जॅकवर, आणि वरून पडवीच्या तुळईला पट्टा टाकून तो फ्रेमला बांधलेला. पट्टा हॅन्डलला बांधू नका, हॅन्डल सुटणारच आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे पुढच्या चाकाजवळ सेन्सरची बारीक वायर असणारच. ती आधी सोडवून बाजूला घ्या. कॅलिपर सोडल्यावर त्याला होजवर लोंबकळत ठेवू नका, सुतळीने फ्रेमला बांधा, आणि पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, म्हणजे चुकून लिव्हर दाबलं गेलं तरी पिस्टन बाहेर येणार नाहीत. चाक, मडगार्ड, फोर्क. फोर्क काढण्याआधी तो वरच्या ‘टी’च्या किती वर आहे तिथे मार्करने खूण करा. हॅन्डल क्लॅम्पमधून सोडून टाकीवर जाड टॉवेल घालून ठेवा. ब्रेक ऑइलची डबी उभीच राहिली पाहिजे, आडवी झाली तर हवा शिरते.

वरचा मोठा नट, वरची ‘टी’, मग लॉकनट आणि आवळायचा नट. शेवटचा नट सोडताना खालची ‘टी’ एका हाताने धरून ठेवा आणि खाली परात ठेवा. बऱ्याच गाड्यांत छर्रे सुटे असतात आणि ते पडवीभर पळतात. वरचे आणि खालचे वेगळे मोजा, संख्या वेगळी असू शकते.

सगळं डिझेलने धुवा. पेट्रोल नको, घराच्या आत तर नकोच. वाट्यांवर नख फिरवून बघा. खाच नसेल तर नुसतं ग्रीस भरून जोडा आणि जिंकलात. एक जरी खळगा नखाला लागला तर वरच्या आणि खालच्या वाट्या, आतल्या रिंगा आणि छर्रे असे सहाही तुकडे बदला. वरचं चांगलं दिसतंय म्हणून फक्त खालचं बदलू नका.

जुन्या वाट्या काढणं हाच या कामातला कष्टाचा भाग. फ्रेमच्या नळीत आतून वाटीची कड दिसत असेल तर लांब सुंब्याने समोरासमोरच्या दोन बाजूंना आलटून पालटून ठोका, एकाच बाजूला ठोकलं की वाटी तिरकी अडकते. माझी खालची वाटी कडच दाखवत नव्हती. आमच्या आळीतल्या वेल्डिंगवाल्या काकांनी बॅटरी आणि ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर काढायला लावले, वाटीच्या आतल्या अंगाला वेल्डिंगची एक गोल रेघ ओढली आणि म्हणाले, “आता चहा घे.” वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि वाटीला आत ओढतं. पाच मिनिटांनी त्यांनी बोट लावलं तर वाटी हातात आली.

खालच्या ‘टी’च्या स्टेमवर (उभ्या दांड्यावर) घट्ट बसलेली आतली रिंग छिन्नीने किंवा ग्राइंडरने अर्धवट कापून काढावी लागते. स्टेमला ग्राइंडर लागू देऊ नका. आणि नवी रिंग ठोकण्याआधी तिच्या खालचं रबरी सील घाला. मी पहिल्यांदा सील टेबलावर विसरलो, रिंग पूर्ण बसल्यावर ते दिसलं, आणि नवी कोरी रिंग कापून टाकावी लागली. तो दुसरा किट मागवण्यात आठवडा गेला.

नव्या वाट्या आदल्या रात्री प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा, थंडीने त्या केसभर आकसतात. सकाळी फ्रेमची नळी हेअर ड्रायरने कोमट करा. मग जुनी वाटी एका बाजूला चिरून नव्या वाटीवर उलटी ठेवा आणि तिच्यावरून ठोका, घाव नव्या वाटीच्या कडेवर पडतो, आतल्या घासणाऱ्या पृष्ठभागावर नाही. ठोकतानाचा आवाज ऐका. पोकळ आवाज बदलून भरीव, ठणठणीत झाला की वाटी तळाला टेकली.

छर्रे की रोलर, हा प्रश्न सगळे विचारतात. गोल छर्रा वाटीला एका टिंबावर टेकतो, टेपर रोलर एका रेघेवर. दणका वाटला जातो, म्हणून आमच्या रस्त्यांना मी टेपर रोलरच टाकतो. आपल्या मॉडेलसाठी तयार किट मिळाला तर उत्तम. नाहीतर व्हर्निअरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून बेअरिंगच्या दुकानात जा. नंबर वाचता आला की दुकानदाराशी बोलणं सोपं होतं: ३२००५ म्हणजे आतून २५, बाहेरून ४७, जाडी १५ मिलिमीटर; ३२००६ म्हणजे ३०, ५५ आणि १७. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतला व्यास. वरचं आणि खालचं माप वेगळं असू शकतं, आणि जाडीत फरक पडला तर वरच्या नटाला पुरेसे आटे उरतात का ते कोरडं जोडून आधीच तपासा.

ग्रीस एनएलजीआय २ (हा ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा), पाण्याला टिकणारं घ्या. बोटींना वापरतात ते मरीन ग्रीस आमच्याकडे बंदराच्या बाजूला सहज मिळतं. कॅल्शियम सल्फोनेटचं मिळालं तर त्याहून चांगलं. जुनं ग्रीस पूर्ण पुसूनच नवं भरा, दोन जातींची ग्रीसं एकत्र झाली की कधीकधी पातळ होऊन वाहून जातात. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, पलीकडून रोलरच्या फटींतून ग्रीस शेवयांसारखं बाहेर येईपर्यंत. नुसतं वरून चोपडलेलं ग्रीस आत जात नाही. सीलच्या आतल्या पोकळीतही भरा, पाणी तिथे अडतं.

आवळण्याची पद्धत दोन टप्प्यांची. आधी मॅन्युअलमधल्या मोठ्या टॉर्कला आवळून हॅन्डल टोकापासून टोकापर्यंत पाच-सात वेळा फिरवा म्हणजे रोलर बसतात. मग नट सोडा आणि पुन्हा हलक्या टॉर्कला आणा. सगळं जोडून वरचा मोठा नट आवळला की खालचा ताण बदलतो, म्हणून खरी तपासणी त्यानंतरच. चाक हवेत असताना हॅन्डलला मधून हलकी टिचकी मारा. ते सावकाश, कुठेही न अडखळता, दोन्ही बाजूंना स्वतःच्या वजनाने पडायला हवं, आणि फोर्क पुढे-मागे ढकलल्यावर जराही हालचाल नको. पडतच नसेल तर जास्त आवळलंय. असं आवळलेलं हॅन्डल घेऊन घाटात जाऊ नका, गाडी वळणात सापासारखी वळवळते.

चाक बसवल्यावर एक्सलचे शेवटचे बोल्ट आवळण्याआधी ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा खाली दाबा. आणि गाडी हलवण्याआधी ब्रेकचं लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करा. कॅलिपर काढला की पहिल्या दोन दाबांत ब्रेक लागत नाही, गल्लीच्या उतारावर हे कळून उपयोग नाही.

५०० किलोमीटरला पुन्हा तपासा. नवं बेअरिंग बसतं आणि थोडी ढिलाई येते, तेव्हा एकदा आवळणं योग्यच आहे. सर्व्हिस सेंटरचं पाव फेऱ्याचं काम इथे बरोबर लागू पडतं.

हे सगळं वाचून घाबरायला झालं असेल तर गावातल्या चांगल्या मिस्त्रीकडे न्या, ग्रीस आणि किट आपला न्या, आणि शेजारी उभे राहा. एबीएसचं ब्लीडिंग, सॉफ्टवेअर, सेन्सरचे एरर मी आजही सर्व्हिस सेंटरलाच देतो, त्यासाठी लागणारं स्कॅनर घरी नाही. व्हॉल्व्ह क्लिअरन्सही तिथेच. कोनसेट, चेन, ब्रेक पॅड, तेल, केबल घरी.

माझी गाडी आता ३१,००० वर आहे. रोलर टाकल्याला दोन पावसाळे झाले. दर मे महिन्यात ग्रीस बदलतो आणि दसऱ्याला पूजेसाठी गाडी धुतली की मेन स्टँडवर घेऊन ती एका बोटाची चाचणी करतो. यंदाच्या मे महिन्यात उघडलं तेव्हा खालच्या बेअरिंगमधलं ग्रीस अजून निळंच होतं. फक्त सीलच्या कडेला नखाएवढ्या रुंदीची तपकिरी रेघ आली होती. पाणी तिथवर पोचून थांबलं होतं. सील नवं टाकलं, वाट्या पुसून नखाने तपासल्या, त्याच परत बसवल्या.